घर खाली करण्याच्या नोटिसा व भाड्याच्या महिन्याची अखेर

जुन्या वाड्यांतील दप्तरांचे रुमाल सोडूं लागलें म्हणजे सनदा, महजर, वाटणीपत्रें व हिशेबाचीं बाडें यांच्या तळाशीं एखादा लहानसा जुडगा हटकून हातीं लागतो. त्यांत भाडेचिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या आणि वकिलामार्फत दिलेल्या दोनचार नोटिसा असतात. कागद फार जुने नसतात. कांहीं मोडींत, कांहीं बाळबोधींत, कांहीं इंग्रजींत टंकलिखित. वतनें व इनामें यांचा शोध करणारा संग्राहक हा जुडगा बहुधा बाजूस सारतो. क्वचित् वाचलाच, तर नोटिशींतील तारीख उतरून घेऊन टिपण करतो कीं, अमुक कुटुंबाचें बिऱ्हाड अमुक तारखेस या वाड्यांतून उठलें. पुढें एखाद्या ग्रंथकाराच्या चरित्रांतील किंवा एखाद्या छापखान्याच्या स्थलांतराची मिति अशा टिपणावर उभी राहते.

हें अनुमान नुसत्या नोटिशीवरून निघत नाहीं, एवढें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. माहेवार भाड्याच्या जागेची नोटीस ही बिऱ्हाड उठल्याची नोंद नव्हे. तें एका ठराविक दिवसाच्या अखेरीस उठावें अशी एका पक्षाची ती घोषणा होय. ती कायदेशीर ठरावयाची तर तो दिवस भाड्याच्या महिन्याच्या अखेरीशीं जुळावा लागे. एका दिवसाचा फरक पडला तरी नोटीस फुकट जाई, मालकाचा दावा निघे आणि भाडेकरी होता तेथेंच राही. अनेक बिऱ्हाडांचा आसरा या एका तारखेच्या गणितावर टिकून राहिलेला आहे. म्हणून अशा कागदांतील शेवटची तारीख महत्त्वाची खरी. परंतु तिचा अर्थ लावण्यापूर्वीं भाड्याचा महिना कोणत्या दिवशीं सुरू होत होता, हें समजलें पाहिजे.

१. मूळ नियम

या विषयाचें मूळ सन १८८२ च्या चौथ्या कायद्यांत आहे. हा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. व्यवहारांत यास ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट म्हणतात. त्याच्या १०६ व्या कलमाचा आशय असा : उलट करार, स्थानिक कायदा किंवा रिवाज नसेल, तर शेतीसाठीं अगर कारखान्यासाठीं दिलेल्या जागेचा पट्टा सालोसालचा समजावा व तो वर्षाच्या अखेरीस संपणाऱ्या सहा महिन्यांच्या नोटिशीनें तोडतां यावा; इतर कोणत्याही कारणासाठीं दिलेल्या जागेचा पट्टा माहेवार समजावा व तो भाड्याच्या महिन्याच्या अखेरीस संपणाऱ्या पंधरा दिवसांच्या नोटिशीनें तोडतां यावा. राहण्याचें बिऱ्हाड, दुकान, वखार, कचेरी हीं सर्व या दुसऱ्या वर्गांत पडतात.

या नियमांतील तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, नियम दोन्ही पक्षांस सारखाच लागू होता. भाडेकऱ्यानेंही नोटीस दिल्यावांचून सामान हलविलें, तर त्याचें भाडें लगेच थांबत नसे. माणूस निघून गेल्यावरही त्याजकडे भाड्याची मागणी केल्याचीं पत्रें सांपडतात, त्यांचा उलगडा येथें होतो. दुसरी गोष्ट, नोटिशींत कारण लिहिणें या कलमाप्रमाणें आवश्यक नव्हतें. 'स्वतःच्या उपयोगाकरितां जागा पाहिजे' हें वाक्य पुष्कळ नोटिशींत असतें, पण माहेवार पट्टा तोडण्यास त्याची गरज नव्हती. भाडेनियंत्रणाचे कायदे आल्यावर मात्र तेंच वाक्य सर्वांत महत्त्वाचें झालें. तिसरी गोष्ट, हा नियम करार नसेल तेथेंच चाले. भाडेचिठ्ठींत 'एक महिन्याची आगाऊ सूचना' असें लिहिलें असेल, तर पंधरा दिवसांचा नियम बाजूस राही.

माहेवार पट्ट्यास लेखी दस्ताची आवश्यकताही नसे. याच कायद्याच्या १०७ व्या कलमान्वयें सालोसालचा, एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वार्षिक भाड्याचा पट्टा नोंदलेल्या दस्तानेंच होतो. माहेवार पट्टा मात्र तोंडी बोलीनें व ताबा देऊन होऊं शके. म्हणून असंख्य बिऱ्हाडांचा मूळ कागदच कधीं अस्तित्वांत नव्हता. तेथें पावती, भाड्याचें पुस्तक आणि नोटीस हींच काय तीं साधनें उरतात. पावतीवर तिकीट नाहीं म्हणून तिजविषयीं संशय घेण्याचेंही कारण नाहीं : सन १८९९ च्या स्टँपाच्या कायद्याप्रमाणें एक आण्याचें तिकीट वीस रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीसच लागे, आणि जुन्या वाड्यांतील दोन खणांचें माहेवार भाडें त्याहून पुष्कळ कमी असे.

२. देश आणि काल यांची मर्यादा

कायदा सन १८८२ चा, म्हणून त्या सालापासूनच्या प्रत्येक कागदास तो लावणें ही चूक होईल. १ जुलै १८८२ रोजीं तो अमलांत आला, तेव्हां मुंबई इलाखा त्यांतून वगळलेला होता. इलाख्यांत तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या पुणें, सातारा अगर नाशिक येथील नोटिशीस पंधरा दिवसांची कसोटी या कलमाच्या आधारें लावतां येत नाहीं. तसेंच कोल्हापूर, सांगली, मिरज इत्यादि संस्थानें व निजामाच्या राज्यांतील मराठवाडा हीं ब्रिटिश मुलुखाच्या बाहेर होतीं. तेथील कागदास खालसांतील कलम आपोआप लावूं नये.

शेतजमिनीच्या नोटिसाही निराळ्या काढाव्या. या कायद्याच्या ११७ व्या कलमानें शेतीचे पट्टे, सरकारी जाहीरनाम्यानें अंतर्भूत केलेले वगळून, या प्रकरणाच्या बाहेर ठेवले आहेत. मुंबई इलाख्यांत त्यांस सन १८७९ चा जमीन महसुलाचा कायदा लागू होता. त्याच्या ८४ व्या कलमाप्रमाणें वार्षिक कुळवहिवाट तोडण्यास वर्षअखेरीच्या निदान तीन महिने अगोदर लेखी सूचना द्यावी लागे, आणि पिकाचा हंगाम ३१ मार्च रोजीं संपतो असें गृहीत धरलें जाई. म्हणून ज्या नोटिशींत ३१ मार्च ही अखेर दिसेल व जी डिसेंबर अखेरीच्या आधींची असेल, ती बहुधा जमिनीची; तिचा वाड्यांतील बिऱ्हाडाशीं संबंध जोडण्यापूर्वीं मिळकतीचें वर्णन पुन्हां वाचावें.

३. नोटिशीचा एक नमुना

पुढील मजकूर कोणत्याही एका कागदाची नक्कल नाहीं. नियम समजावा म्हणून अशा नोटिशींच्या सर्वसाधारण घाटावर येथें तो रचला आहे.

'रा. रा. अमुक यांसी. आपण आमचे वाड्यांतील पूर्वसोप्याचे दोन खण दरमहा रुपये सात भाड्यानें घेतले आहेत. भाड्याचा महिना इंग्रजी तारीख १ पासून अखेर तारखेपर्यंत आहे. सदर जागा आम्हांस आमचे उपयोगाकरितां पाहिजे आहे. तरी आपण माहे जून सन १९२५ इसवी अखेर जागा खाली करून ताबा द्यावा. सदर तारखेस आपला भाड्याचा महिना संपत नसेल, तर ही नोटीस पोंचलेपासून पंधरा दिवसांनंतर जो महिना प्रथम संपेल त्याचे अखेरीस ताबा द्यावा. न दिल्यास कोर्टांत दावा करून ताबा व नुकसानी घेतली जाईल. ता. १२ माहे जून सन १९२५ इसवी.'

पहिल्या दोन वाक्यांत मिळकत, भाडें व महिना यांची ओळख आहे. मिळकतीचें वर्णन संपूर्ण असावें लागे; एका पट्ट्यानें दिलेल्या चार खणांपैकीं दोनच खण सोडा, अशी तुकड्याची नोटीस चालत नसे. चौथें वाक्य हें नोटिशीचा प्राण होय. पांचवें वाक्य वकिलाच्या सावधगिरीचें आहे. मालकास आपल्या भाडेकऱ्याचा महिना नक्की कोणत्या दिवशीं पुरा होतो याची पुष्कळदां खात्री नसे. एक तारीख चुकली तरी दुसऱ्या वर्णनानें नोटीस वांचावी, म्हणून हें वाक्य घालीत. तें ज्या नोटिशींत असेल तिच्यावरून महिन्याच्या आरंभाविषयीं निश्चित विधान करूं नये. लिहिणारालाच तो निश्चित नव्हता, असा त्याचा अर्थ होतो.

४. पंधरा दिवसांचें गणित

वरील नमुन्यांत तारीख १२ जून आहे. पण गणित त्या तारखेपासून होत नाहीं. नोटीस ज्या दिवशीं पोंचली तो दिवस सोडून पुढील पंधरा दिवस पूर्ण व्हावे लागत, व ते पूर्ण होण्याच्या वेळीं भाड्याचा महिनाही संपत असावा लागे. इंग्रजी महिन्याचें भाडें असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यांत नोटीस १५ तारखेपर्यंत पोंचली पाहिजे. एकतीस दिवसांच्या महिन्यांत १६ पर्यंत. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारींत १३ पर्यंत. आमच्या नमुन्यांतील नोटीस १५ जून १९२५ रोजीं पोंचली तर जूनअखेर लागू पडेल. १६ तारखेस पोंचली तर जूनअखेर ती निष्फळ, व पांचव्या वाक्याचा आधार घेऊन जुलैअखेरच तिचा उपयोग. नोटिशीवरील तारीख दोन्ही बाबतींत एकच. भाडेकऱ्याच्या राहण्याच्या हक्कांत मात्र एकतीस दिवसांचें अंतर. म्हणून टपालाचा लखोटा किंवा पोंचेची पावती नोटिशीइतकीच मोलाची आहे. ती सुटी करून तिकिटांच्या संग्रहांत घालणारा संग्राहक अर्धा पुरावा नष्ट करतो.

महिना १ तारखेस सुरू होत नसेल तेथें गुंता वाढतो. याच कायद्याचें ११० वें कलम असें सांगतें कीं, पट्ट्याची मुदत 'अमुक दिवसापासून' अशी लिहिली असेल, तर तो दिवस मोजतांना सोडावा. म्हणजे '१ जूनपासून' असें लिहिलें असेल, तर मुदत २ तारखेपासून मोजावयाची व ती पुढें १ तारखेच्या मध्यरात्रीं पुरी व्हावयाची. हा प्रश्न कलकत्त्याच्या एका खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. बिनय कृष्ण दास विरुद्ध साल्सिच्चिओनी या सन १९३२ च्या निकालांत मूळ पट्टा १ जून १९२१ पासून चार वर्षांचा होता. मुदत संपल्यावर वहिवाट माहेवार चालू राहिली. पुढें १ फेब्रुवारी १९२८ रोजीं दिलेली नोटीस १ मार्च १९२८ ही अखेर धरून होती. फेब्रुवारीची अखेर न धरतां १ मार्च धरली, एवढ्यावरून ती चुकीची म्हणावी काय? ११० वें कलम लावून न्यायाधीशांनीं ती योग्य ठरविली. याचा बोध संग्राहकास असा कीं, नोटिशींत महिन्याची पहिली तारीख अखेर म्हणून दिसली तर तो लेखकाचा प्रमाद समजूं नये. मूळ दस्तांत 'पासून' हा शब्द आहे काय तें पाहावें.

या गणिताचा काटेकोरपणा अगदींच यांत्रिक मात्र नव्हता. सन १९१८ च्या हरिहर बानर्जी विरुद्ध रामशशी रॉय या निकालांत प्रिव्ही कौन्सिलनें असें तत्त्व घालून दिलें कीं, नोटीस ही दोष काढण्याच्या बुद्धीनें वाचूं नये. ज्यास ती दिली तो सर्व परिस्थिति जाणणारा माणूस तिचा काय अर्थ घेईल, तें पाहावें. याच धोरणानें सन १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें भगवानदास अगरवाला यांच्या प्रकरणांत 'ऑक्टोबर १९६२ च्या महिन्याच्या आंत' जागा सोडावी अशी नोटीस ग्राह्य धरली. कारण तिचा उघड अर्थ महिनाअखेर हाच होता. भाषेचा दोष पोटांत घातला जाई. तारखेचा दोष सहसा घातला जात नसे.

५. तिथीचा महिना

आपल्याकडील जुन्या भाडेचिठ्ठ्यांत पुष्कळदां इंग्रजी तारीख नसून मिति असते. सन १८९७ च्या सर्वसाधारण शब्दार्थाच्या कायद्याप्रमाणें कायद्यांतील 'महिना' हा शब्द इंग्रजी पंचांगाचा आहे. परंतु 'दर महिन्याचे शुद्ध १ पासून वद्य ३० पर्यंत' असें भाडेचिठ्ठींत लिहिलें असेल, तर तेथें पक्षकारांनीं आपला महिना करारानें ठरविला आहे, आणि १०६ वें कलम करारास प्रथम मान देतें. अशा बिऱ्हाडाचा महिना अमावास्येस संपतो व नोटिशीची अखेरही अमावास्येसच आली पाहिजे.

येथें दोन खांचखळगे आहेत. दक्षिणेंत महिना अमान्त, उत्तरेंत पूर्णिमान्त. घरधनी उत्तरेकडील रीतीनें वही ठेवणारा सावकार असेल, तर 'महिनाअखेर' म्हणजे पूर्णिमा. शिवाय वद्यपक्षांतील त्याच्या महिन्याचें नांव आपल्या महिन्याहून एकानें पुढें असतें. मिति जुळविण्यापूर्वीं वहीवर शक आहे कीं संवत्, व पक्षांचा क्रम कोणता, हें पाहावें.

दुसरा खळगा अधिक मासाचा. शके १८६९ चें उदाहरण घेऊं. तें केवळ गणितासाठीं आहे. त्या वर्षीं श्रावण अधिक होता. १५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार, या दिवशीं अधिक श्रावण वद्य १४ होती. दुसऱ्या दिवशीं, शनिवार १६ ऑगस्ट रोजीं, अमावास्या. तिथीच्या महिन्यानें राहणाऱ्या भाडेकऱ्याचा एक महिना त्या शनिवारीं पुरा होतो. त्या अखेरीची नोटीस त्यास १ ऑगस्टपर्यंत पोंचली पाहिजे. म्हणजे २ पासून १६ पर्यंत पंधरा दिवस भरतात. इंग्रजी महिना धरून ३१ ऑगस्ट अखेर सांगणारी नोटीस अशा बिऱ्हाडास लागू पडणार नाहीं. आणि नोटिशींत नुसतें 'श्रावण अखेर' लिहिलें असेल, तर अधिक श्रावणाची अखेर १६ ऑगस्ट कीं निज श्रावणाची सप्टेंबरच्या मध्याची, हा प्रश्न उरतोच. अशा ठिकाणीं पुढील पावत्याच निर्णय देतात : निज श्रावणाचें भाडें कोणीं भरलें आहे काय, तें पाहावें.

६. सही, बजावणी व टपाल

नोटीस लेखी असावी, देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीनें कोणाची तरी सही तीवर असावी, आणि ती ज्यास बांधावयाची त्याच्या हातीं किंवा त्याच्या राहत्या घरीं कुटुंबांतील माणसाच्या अगर नोकराच्या हातीं द्यावी. तें शक्य नसेल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवावी, असा कलमाचा दंडक आहे. जागेच्या दारावर चिकटविल्याचा पंचनामा जुडग्यांत सांपडतो तो यामुळें. खळीचे डाग व फाटलेले कोपरे असलेली प्रत ही खराब प्रत म्हणून टाकूं नये. बजावणीची खूण तीच आहे.

टपालाचा मार्ग मात्र मूळ कलमांत सांगितलेला नव्हता. सन १९२९ च्या २० व्या कायद्यानें तो घातला व तो १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. टपालानें नोटिसा त्यापूर्वींही जात, व योग्य पत्ता लिहून रजिस्टर टपालानें पाठविलेलें पत्र पोंचलें असें अनुमान करण्याची मुभा न्यायालयांस होती. तथापि १९३० नंतर कलमानेंच हा मार्ग मोकळा केला. त्यापूर्वींच्या नोटिशीबरोबर हातोहात दिल्याची पोंच, साक्षीदाराची सही किंवा चिकटविल्याचा पंचनामा शोधावा.

७. नोटीस मरते कशी

योग्य तारखेची व योग्य रीतीनें बजावलेली नोटीसही पुढें निष्फळ होऊं शके. कायद्याच्या ११३ व्या कलमांत याचीं दोन उदाहरणेंच दिलीं आहेत. नोटिशीची मुदत संपल्यावर त्या पुढील काळाचें भाडें भाडेकऱ्यानें दिलें व मालकानें घेतलें, तर नोटीस सोडून दिली असें होतें. तसेंच मुदत संपल्यावर भाडेकरी राहिला व मालकानें दुसरी नोटीस दिली, तर पहिली सोडून दिली असें होतें. अर्थात् दोन्हींत मूळ तत्त्व पक्षांच्या संमतीचें आहे. पैसा कोणत्या हेतूनें घेतला हा वादाचा मुद्दा होऊं शके. म्हणूनच सावध मालकाची पावती 'भाडें' असें न म्हणतां 'वहिवाटीबद्दल नुकसानी' असें म्हणते. हा शब्दभेद वरवरचा नसून त्यावर सगळा दावा अवलंबून असे.

यावरून जुडगा क्रमानें लावण्याचें महत्त्व दिसेल. नमुन्यांतील नोटिशीनंतर जुलै १९२५ ची 'भाडें पावलें' अशी साधी पावती निघाली, तर बिऱ्हाड जूनअखेर उठलें नाहीं हें तर सिद्धच. शिवाय ती नोटीस मालकानें सोडून दिली असें मानण्यास चांगला आधार मिळतो. एकाच भाडेकऱ्यास चार वर्षांत चार नोटिसा दिलेल्या आढळल्या, तर त्याला चार वेळां बाहेर काढलें असा त्याचा अर्थ नसून, तो चारही वेळां तेथेंच राहिला असा आहे.

८. भाडेनियंत्रणानंतरची नोटीस

पहिल्या महायुद्धाच्या काळांत जागेची टंचाई व भाडेवाढ यांस आळा घालण्यासाठीं मुंबई इलाख्यांत सन १९१८ चा भाडेनिर्बंधाचा कायदा झाला. तो मुदतीचा होता. पुढें सन १९३९ व १९४४ चे कायदे आले, आणि त्यांनंतर सन १९४७ चा ५७ वा मुंबई भाडें नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. प्रत्येक कायदा कोणत्या गांवास व कोणत्या प्रकारच्या जागेस केव्हां लागू होता, हें कागदाच्या साला-स्थळावरून तपासून घ्यावें.

या कायद्यांनीं नोटिशीचें स्थानच बदललें. पूर्वीं योग्य नोटीस म्हणजे भाडेकऱ्याच्या हक्काची समाप्ति. सन १९४७ च्या कायद्यानंतर योग्य नोटीस ही केवळ पहिली पायरी. भाडेकरी ठरलेलें भाडें देत असेल व देण्यास तयार असेल, तर मालकास ताबा मिळत नसे, आणि इतर बाबतींत कायद्यानें सांगितलेलें एखादें कारण न्यायालयापुढें सिद्ध करावें लागे. थकलेल्या भाड्यावरून दावा करावयाचा तर १२ व्या कलमाप्रमाणें मागणीची लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावें लागे. म्हणून या काळच्या नोटिसा बहुधा दुहेरी असतात : एकाच कागदांत थकबाकीची मागणी आणि माहेवार पट्टा तोडल्याची घोषणा. दोहोंच्या मुदती निराळ्या असल्यामुळें एका कागदांत दोन अखेरतारखा दिसल्या, तर त्यांत विसंगति नाहीं.

ही दुहेरी पद्धति सर्वत्र आवश्यक आहे काय, याविषयीं न्यायालयांत मतभेद होता. सन १९७९ मध्यें धनपाल चेट्टियार विरुद्ध यशोदाई अम्माल या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं तो मिटविला. भाडेनियंत्रण कायद्याखालीं ताबा मागतांना १०६ व्या कलमाची वेगळी नोटीस लागत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. त्या सालानंतरच्या दप्तरांत माहेवार पट्टा तोडण्याची जुनी नोटीस न दिसली, तर कागद गहाळ झाला असें लगेच समजूं नये. सन १९४७ च्या कायद्याची जागा पुढें महाराष्ट्र भाडें नियंत्रण कायदा, १९९९ यानें घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, व थकबाकीच्या मागणीनंतर थांबण्याची मुदत त्यानें नव्वद दिवसांची केली.

९. महिनाअखेरीचा अस्त

भाडेनियंत्रणाच्या बाहेर राहिलेल्या जागांस १०६ वें कलम लागू राहिलें, व तेथें महिनाअखेरीचा नियमही पुढें चालला. अखेर ३१ डिसेंबर २००२ पासून तें कलमच बदललें. पंधरा दिवसांची मुदत आहे. पण ती नोटीस हातीं आल्याच्या दिवसापासून मोजावयाची, व ती महिन्याच्या अखेरीस संपावी ही अट उरली नाहीं. इतकेंच नव्हे, तर नोटिशींत मुदत कमी लिहिली गेली, तरी दावा योग्य मुदत संपल्यावर केला असेल तर केवळ तेवढ्यावरून नोटीस रद्द होत नाहीं. पूर्वीं दिलेल्या ज्या नोटिशींवरील दावे त्या दिवशीं चालू होते, किंवा ज्यांवर दावाच झाला नव्हता, त्यांसही हाच नियम लावला गेला.

मुंबई इलाख्यांत १ जानेवारी १८९३ रोजीं लागू झालेला हा नियम अशा रीतीनें एक दिवस कमी एकशें दहा वर्षें चालला. त्याच्याविरुद्ध असें म्हणतां येईल कीं, खऱ्या हक्काच्या मालकाचा दावा त्यामुळें नुसत्या तारखेच्या चुकीवरून बुडे. त्याच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, ज्या भाडेकऱ्याजवळ दस्त नव्हता व भाडेनियंत्रणाचा आधारही नव्हता, त्याच्या हातीं हें एकच शस्त्र होतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, व दोहोंचा पुरावा त्याच जुडग्यांत आहे.

१०. संग्राहकांस सूचना

असा जुडगा हातीं आला असतां पुढील क्रम ठेवावा. प्रथम स्थळ व साल पाहून कोणता कायदा लागू होता तें ठरवावें. नंतर मिळकत शेतीची, कारखान्याची कीं इतर, हें वर्णनावरून ठरवावें. मग भाडेचिठ्ठी किंवा पावत्या यांवरून महिन्याचा आरंभ काढावा. पंचांग इंग्रजी कीं तिथीचें, व आरंभदिवस 'पासून' या शब्दानें सांगितला आहे काय, तें टिपावें. नोटिशीच्या तीन तारखा वेगळ्या नोंदवाव्या : लिहिल्याची, पोंचल्याची व अखेरीची. शेवटीं अखेरीच्या तारखेपुढील पावत्या, दुसरी नोटीस, ताब्याची पावती किंवा हुकूमनामा शोधावा. बिऱ्हाड उठल्याची मिति या शेवटच्या कागदांवरूनच लिहावी. ते नसतील तर सूचींत 'नोटीस दिली' एवढेंच लिहावें, 'जागा सोडली' असें लिहूं नये.

नोटीस, लखोटा, पोंचपावती व भाड्याच्या पावत्या यांस एकच लेखांक द्यावा आणि त्या एकाच वेष्टनांत ठेवाव्या. शहरांतील जुने वाडे पाडले जात असतां त्यांतील दप्तर प्रथम रद्दींत जातें, व त्यांतही वाड्याच्या धन्याचे कागद निवडून घेऊन बिऱ्हाडकऱ्यांचे टाकून देण्याची चाल आहे. वाड्याच्या धन्याची वंशावळ इतर दहा ठिकाणीं मिळूं शकेल. दोन खणांत राहून गेलेल्या कुटुंबाचा तेथें ठाव लावणारा कागद बहुधा या जुडग्यांतच असतो.